देवळीतला रुमाल

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला उपदेश करायला उभा राहिलो नाही. उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकलात. आज एक गोष्ट सांगतो. दोन मित्रांची गोष्ट आहे. एका पडक्या वाड्याची आणि त्यात सापडलेल्या चिठ्ठ्यांची आहे. त्या दोन मित्रांपैकी एक मी. दुसरा कोण, ते शेवटी सांगेन.

जुने गाव

आमचे गाव उमरगा तालुक्यातले. ती रात्र तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. साल १९९३. अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. ३० सप्टेंबरची पहाट. अजून चार वाजले नव्हते. जमीन हादरली. लातूर जिल्हा आणि आपला जिल्हा मिळून सात हजारांहून जास्त माणसे त्या एका पहाटे गेली.

आपली जुनी घरे कशी होती, ते तुम्ही जाणता. दगडमातीच्या रुंद भिंती. वर लाकडाचे माळवद. माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार वाटे. पण भिंतीतले दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते. धक्का बसताच भिंती ढासळल्या. वरची माती आणि दगड झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले.

पुढे नवी गावे वसली. माणसे तिकडे राहायला गेली. जुनी गावठाणे ओस पडली. तिथे वेडी बाभूळ माजली.

माझ्या मित्राचा वाडा असाच जुन्या गावात पडून होता. आम्ही दोघे एका वयाचे. पहिलीत एका पाटीवर दोघांनी रेघोट्या ओढल्या. दुसरीत त्याच्या बापाने त्याला गुरांमागे लावले. मी शिकत राहिलो. मॅट्रिक झालो आणि मास्तर झालो. मैत्री मात्र सुटली नाही.

१९९७ सालच्या शिमग्यानंतरची गोष्ट. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, चल की जरा जुन्या गावात. वाड्याचे दोन खांब अजून उभे हायत. गोठ्याला व्हतील."

मी निघालो. वाटेत कोणी भेटले नाही. वाड्याची चौकट उभी होती, दार नव्हते. उंबरा ओलांडताना मित्राने वाकून त्याला हात लावला. तो हात त्याने कपाळाला लावला. मी काही बोललो नाही. त्या घरात त्याची माय गेली होती.

माजघराची एक भिंत कमरेपर्यंत शिल्लक होती. तिच्यात दिवा ठेवायची देवळी होती. मित्र खांबाभोवतीचे दगड काढत होता. एक दगड देवळीवर आदळला. देवळीच्या मागची फळी निघाली. मागे पोकळी होती. पोकळीत पत्र्याची लहान पेटी होती.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरे सांगतो, दोघांच्याही मनात एकच आले. सोने! मित्र तर हात लावेना. म्हणाला, "तूच उघड. तू शिकलेला हायेस."

मी कडी काढली. आत लाल कापडात बांधलेला रुमाल होता. रुमालात नुसते कागद होते.

तीन प्रकारचे कागद

कागद तीन प्रकारचे होते.

पहिला प्रकार लांबट घडीच्या कागदांचा. ओळ डावीकडून उजवीकडे एकसारखी धावत गेलेली. मधे कुठे शब्द तुटत नाही. ही मोडी लिपी. पूर्वी आपल्याकडचे हिशेब, करार, सरकारी कागद बहुतेक मोडीत लिहीत. आधी सबंध ओळीची रेघ मारायची, मग हात शक्यतो न उचलता भराभर अक्षरे काढायची. ऱ्हस्व दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याला सोपे, वाचणाऱ्याला अवघड.

दुसरा प्रकार उर्दू कागदांचा. त्यांवर शिक्के होते. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात.

तिसरा प्रकार म्हणजे पाच चिठ्ठ्या. शिसपेनीने लिहिलेल्या. आज आपण वाचतो त्या बाळबोध अक्षरात.

मी पहिला कागद हातात घेतला. मोडी. मला एक अक्षर लागले नाही. तो ठेवला. दुसरा घेतला. उर्दू. तोही तसाच ठेवला. मित्र माझ्या तोंडाकडे बघत होता.

"का रं मास्तर, वाच की."

मी गप्प राहिलो.

तो हसला. म्हणाला, "मंजी आज तू बी आमच्याच रांगेत!"

त्याच्या हसण्यात खोट नव्हती. पण मी मनातून वरमलो. का, ते सांगतो. नव्या नोकरीत असताना पगाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिपायाला मी चारचौघांत अंगठेबहाद्दर म्हटले होते. तो काही बोलला नाही. खाली मान घालून निघून गेला. त्या दिवशी पडक्या वाड्यात हातात कागद धरून उभा असताना मला त्याची मान आठवली. कागद समोर आहे, त्यात आपल्या कामाचे काहीतरी आहे, आणि आपल्याला ते कळत नाही. हे दुःख कसे असते, ते मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळले.

आजीच्या चिठ्ठ्या

मग मी चिठ्ठ्या उचलल्या. मित्र म्हणाला, "थांब. आजीनं ह्या कुणालाच वाचू दिल्या न्हाईत."

तो खाली बसला आणि त्याने मला ऐकलेले सांगितले.

साल १९४८. रझाकारांचा काळ. गावोगावी भीती होती. आपल्या भागातून पुष्कळ माणसे सोलापूरकडे गेली. सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर होते. मित्राचे आजोबाही रातोरात निघाले. जाताना बैलजोडी घेऊन गेले. आजी दोन लेकरांना घेऊन मागे राहिली.

तिकडून आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवीत. आजोबांना लिहिता येत नव्हते. गिरणीतल्या कुणाकडून तरी ते लिहून घेत. आजीला वाचता येत नव्हते. सांगणारा निरक्षर, ऐकणारी निरक्षर. नवराबायकोच्या बोलण्यात दोन परकी माणसे!

पहिली चिठ्ठी आली. आजीने ती गावातल्या एका शिकलेल्या माणसाकडून वाचून घेतली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळले, की हिचा नवरा सोलापुरात अमक्या पेठेत आहे. तिसऱ्या दिवशी बंदूकवाले दारात आले. घर उलटेपालटे करून गेले. त्या दिवसापासून आजीने ठरवले. चिठ्ठी घ्यायची, पण कुणाला दाखवायची नाही. चार चिठ्ठ्या आणखी आल्या. तिने त्या देवळीमागे ठेवल्या. नवरा आला की त्यालाच विचारू, असे ती म्हणे.

नवरा आला नाही. त्या पावसाळ्यात तो सोलापुरातच तापाने गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारताच्या ताब्यात आले. माणसे घरोघर परतली. आजीच्या दारी फक्त त्याचे धोतर आणि तांब्या आला. चिठ्ठ्या न वाचता राहिल्या त्या राहिल्याच. पुढे आजीही गेली.

एवढे सांगून मित्र म्हणाला, "आता वाच. पण हळू वाच. मला ऐकू येईल एवढंच."

त्या ओसाड गावात ऐकायला दुसरे कोण होते? तरी मी हळू वाचले.

चिठ्ठ्यांत मोठे काही नव्हते. गाय व्याली का. धाकट्याचा खोकला गेला का. रात्री दाराला आडणा घालत जा. पण चौथ्या चिठ्ठीत एक वेगळीच ओळ होती. आजोबांनी लिहवले होते की, सोबत एक मोडी कागद पाठवला आहे, तो जिवापलीकडे सांभाळ, कशाचा आहे ते मी आल्यावर सांगेन.

आम्ही दोघे मोडी कागदांकडे बघत राहिलो. त्यातला तो कागद कोणता? आणि जिवापलीकडे सांभाळावे असे त्यात काय होते?

धनाचा कागद

ही गोष्ट गावात फुटायला वेळ लागला नाही. खांब आणायला गेले आणि पेटी घेऊन आले, एवढे लोकांना पुरले. कागद जिवापलीकडे सांभाळायचा म्हणजे तो धनाचाच, असे ठरले. एका रात्री कुणीतरी जुन्या वाड्याचे जोते खणून ठेवले.

मग एक बाहेरगावचा माणूस आला. कपाळाला भस्म. तो म्हणाला, "मला मोडी येते. कागद बघतो. पाचशे एक रुपये आणि एक काळे कोंबडे लागेल." मित्र भुलला होता. मी त्या माणसाला म्हटले, "आधी एक ओळ वाचून दाखवा. पैशाचे मग बघू." त्याने कागद हातात घेतला. बराच वेळ ओठ हलवले. आणि मंडळी, त्याने कागद उलटा धरला होता! ओळीच्या वरची रेघ खाली गेली होती. तेवढे मला कळत होते. मी कागद काढून घेतला.

इथे थोडे थांबून सांगतो. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ सालीच झाला. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. धनाच्या नादी लागून माणसे असलेले गमावतात. सावध राहा.

कागदात काय होते

शेवटी आम्हाला तुळजापुरात एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांना लहानपणापासून मोडी येत होती. त्यांनी चष्मा पुसला. एकेक कागद उजेडात धरला. तासाभराने एक कागद बाजूला काढला आणि म्हणाले, "धन नाही बाबा. पावती आहे."

ती सावकाराच्या पेढीची पावती होती. आजोबांनी बैलजोडी विकली होती. कलदार दोनशे रुपये भरले होते. कलदार म्हणजे इंग्रजी राज्यातला रुपया. निजामाचा रुपया वेगळा होता, त्याला हाली म्हणत. मुद्दल आणि व्याज मिळून देणे फिटले, आता काही बाकी नाही, असे त्यात लिहिले होते. खाली सही आणि तिथी होती. साल शके १८७०. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९४८.

मित्र एकदम खाली बसला. मला काही उमजेना. मग त्याने सांगितले. आजोबा गेल्यावर वर्षभरात त्याच सावकाराचा माणूस वसुलीला आला होता. आजीजवळ पैसे नव्हते. पावती कुठे आहे, असे त्याने विचारले. आजी म्हणाली, आमचे मालक कागद ठेवत नसत. तिने अंगठा दिला. ओढ्याकाठचे चार एकर काळे रान गेले.

आणि पावती देवळीत होती! तिने स्वतः ठेवलेली. तिच्या झोपण्याच्या जागेपासून चार हातांवर.

नळदुर्गला एक निवृत्त उर्दू शिक्षक राहत. उर्दू कागद आम्ही त्यांच्याकडे नेले. गुरुजींनी आम्हाला चहा पाजला आणि सगळे कागद वाचून दिले. पैसे घेतले नाहीत. त्या शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या. त्याच चार एकरांच्या. त्यांवर फसली सन होता. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतो. १३५५ फसली म्हणजे १९४५ च्या सुमारास. एका कागदाने रान आमचे असे सांगितले, दुसऱ्याने कर्ज फिटले असे सांगितले. पण दोघांचे ऐकायला एकोणपन्नास वर्षे उशीर झाला होता. वकिलांनी कागद पाहिले आणि मान हलवली. मुदत केव्हाच गेली होती. रानही मधे दोनदा विकले गेले होते. आज तिथे कसणारा शेतकरी गरीब आहे. त्याचा यात काही दोष नाही.

घरोघरी असे रुमाल आहेत

मंडळी, असे रुमाल महाराष्ट्रात हजारो आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचे एक थोर विद्वान होऊन गेले. १८६३ साली जन्मले, १९२६ साली धुळ्याला वारले. वाईच्या एका वाड्यात जुने कागद मिळाले, ते त्यांनी वाचले. त्यांत पानिपतच्या लढाईच्या काळातली पत्रे होती. ती लढाई १७६१ ची. १८९८ साली राजवाड्यांनी ती पत्रे छापली. मग आयुष्यभर ते गावोगाव हिंडून कागद गोळा करीत राहिले. कुठे मिळाले, कुठे कागद वाण्याच्या पुड्यांना गेले होते. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. ते आजही आहे.

आणि फार मागे कशाला जा? २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातले कागद बाहेर निघाले. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आज नातवाचा दाखला अडतो किंवा मिळतो.

म्हणून सांगतो, घरात जुना कागद सापडला तर इतके करा.

जाळू नका. रद्दीत घालू नका. नदीत सोडू नका.

घडी ओढून उघडू नका. चिकटपट्टी लावू नका. प्लास्टिकमध्ये पक्का बंद करू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. ओल आणि वाळवी लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.

मोबाइलवर त्याचा फोटो काढा. वाचणाऱ्याला फोटो दाखवा. मूळ कागद हातचा सोडू नका.

वाचणारा पैसे मागेल, तर आधी एक ओळ वाचायला सांगा. जमले तर दोघांकडून वेगवेगळे वाचून घ्या. दोघांचे जुळले तर खरे माना.

जमिनीचा जुना कागद असेल तर तहसील कचेरीत जुन्या नोंदीची नक्कल मागा. गावातली चुणचुणीत मुले असतील तर त्यांना मोडी शिकवा. सरकारचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते.

आणि आजचा कागद? त्यावर अंगठा देण्याआधी, नव्हे, आता सही करण्याआधी, तो स्वतः वाचा. वाचायला वेळ लागला तर लागू द्या. समोरचा घाई करील. त्याला बसवून ठेवा.

दुसरा मित्र

आता शेवटचे. पुढच्याच वर्षी गावात रात्रीचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी एक माणूस दाराशी घुटमळत होता. मी हाक मारली. तो आत आला. वय अडतीस. म्हणाला, "मास्तर, मला जास्त न्हाई शिकायचं. त्या पाच चिठ्ठ्या वाचता आल्या की बास."

त्याला सात महिने लागले. मी त्याला वर्गात वाचायला लावले नाही. तो चिठ्ठ्या घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "वाचल्यास का?" तो म्हणाला, "व्हय. पाचवी तू मला तवा वाचून दाखवली, त्यात एक ओळ गाळली व्हतीस."

मी गाळली होती खरी. आजोबांनी त्यात लिहवले होते की, तब्येत बरी नाही, पण तू कुणाजवळ बोलू नकोस, लेकरे भितील. मित्र त्या दिवशी रडत होता, म्हणून मी ती ओळ वाचली नव्हती. चांगल्या मनाने गाळली होती. तरी ती त्याच्या आजोबांची ओळ होती. ती गाळायचा हक्क मला नव्हता. मी त्याची माफी मागितली.

तो मित्र आज इथेच बसला आहे. नाव सांगू नको म्हणाला, म्हणून सांगत नाही. पण तिसऱ्या रांगेत खाली बघून हसतो आहे, त्याला ओळखा.

पुढच्या शुक्रवारी ज्याच्या घरी जुना कागद असेल, त्याने त्याचा फोटो घेऊन यावे. आपण मिळून बघू. मला वाचता येईल ते मी वाचीन. नाही येणार ते येत नाही म्हणून सांगेन. आता पुस्तके काढा. काल कुठवर आलो होतो?